धोंडीरामाचं बोट

मुक्ताबाईचा नवरा वाट दाखवायचा ती कोपरानं. परळीची वाट कोणी विचारली की धोंडीराम उजवा हात छातीशी धरून कोपर उगवतीकडे झटकायचा, आणि बीडची विचारली की हनुवटी मावळतीकडे फेकायचा. परगावचा माणूस बिचारा कोपर बघायचा, हनुवटी बघायचा आणि शेवटी मुक्ताबाईकडे बघायचा. मग ती फुटाण्यांच्या टोपलीमागून नीट बोट करून वाट दाखवायची. तिच्या बोटावर कोणाचा काही दावा नव्हता.

धोंडीरामाच्या बोटावर मात्र सगळ्या गावाचा दावा होता. उजव्या हाताचं, अंगठ्याशेजारचं बोट. ते त्यानं आत दुमडून चिंधीनं बांधून ठेवलं होतं, लेक छबू पाळण्यात होती तेव्हापासून. आता त्याच छबूची सुपारी फुटायची वेळ आली होती.

त्याचं असं झालं होतं. अंबाजोगाईला तेव्हा निजामसरकारच्या रिसाल्याची छावणी होती, छावणीत गोरे साहेब होते आणि थंडी पडली की त्यांना क्रिकेटचं वेड लागायचं. धोंडीराम तिथं मोतद्दार. घोड्यांचा खरारा झाला की मैदानावर जायचं आणि साहेबांच्या टोप्या धरून उभं राहायचं. एके दिवशी अंपायर साहेबाला ताप भरला. इतक्या टोप्या धरून जो माणूस इतका वेळ गप उभा राहतो तो भरवशाचाच असणार, असं बोलून बाकीच्या साहेबांनी पांढरा कोट धोंडीरामाच्या अंगावर चढवला आणि त्याला दोन गोष्टी शिकवल्या. एक, सहा खडे एका खिशात ठेवायचे आणि चेंडू पडला की एक खडा दुसऱ्या खिशात टाकायचा. दोन, कोणी ओरडून 'कसं काय?' असं विचारलं आणि आपली पक्की खात्री असली तर बोट वर करायचं, म्हणजे बॅटवाला आऊट. खात्री नसली तर काही करायचं नाही.

त्या दिवशी साहेबांना एक माणूस कमी पडत होता, म्हणून धर्मापुरीच्या सुंदरराव दफेदारानं चेंडू टाकला. समोर बॅट धरून छावणीतला सगळ्यांत मोठा साहेब. चौथा चेंडू थेट साहेबाच्या पायावर, दांड्यांच्या समोरच बसला. सुंदरराव हात पसरून वळला आणि असा ओरडला की तळ्यावरचे बगळे उठले. धोंडीरामानं खडा टाकला, श्वास घेतला, आणि तेवढ्यात छावणीत बिगुल वाजला.

रिसाला हलवायचा हुकूम आला होता. साहेब बॅटीसकट पळाले. आठवडा उलटायच्या आत घोडे, तंबू, साहेब, मडमा आणि त्यांची कुत्री असं सगळं मांजरसुंब्याचा घाट उतरून गेलं. मागे राहिलं ते मैदान, दोन्ही टोकांच्या दांड्या, पांढरा कोट, एका खिशात चार खडे, दुसऱ्यात दोन, आणि न दिलेला फैसला. सुंदरराव तेवढा नोकरी सोडून, चेंडू घेऊन धर्मापुरीला गेला.

खेळणारं आता कोणी नव्हतं, पण खेळाचे शौकीन जागच्या जागीच होते. रिसाला गेल्यावर चौथ्या दिवशी एका गाडीवानानं धोंडीरामाला परळीची वाट विचारली. धोंडीरामानं भोळेपणानं बोट वर करून दाखवली. तर बंकट तेली पलीकडून ओरडला, "दिला, आऊट दिला." मग त्या गाडीवानासमोर जी मारामारी झाली तीत ताकाची मडकी फुटली, एकाचा दात गेला, आणि गाडीवान परळीला न जाता घरी परतला. त्या संध्याकाळी धोंडीरामानं मुक्ताबाईच्या जुन्या लुगड्याची चिंधी मागून घेतली.

तेव्हापासून मैदानाच्या लिंबाखाली दोन वट्टे झाले. एका वट्ट्यावर आऊटवाले बसत, त्यांचा म्होरक्या बंकट तेली. दुसऱ्यावर नॉटआऊटवाले, त्यांचा म्होरक्या बद्रीनाथ कापडवाला. मोठा साहेब बद्रीनाथकडूनच मलमल न्यायचा, आणि असलं गिऱ्हाईक आऊट होऊ शकतं हे बद्रीनाथला पटणं कठीण होतं. दोन्ही वट्ट्यांच्या मधोमध, कुणाच्याच बाजूनं नाही अशी, मुक्ताबाईची फुटाण्यांची टोपली असायची. वाद करताना माणूस किती फुटाणे खातो याचा अंदाज तिच्याइतका कोणालाच नव्हता.

आणि मग सुंदररावाचा निरोप आला. त्याचा मुलगा शहादेव लग्नाचा होता, छबू त्यानं जोगाईच्या जत्रेत पाहिली होती आणि ती त्याला पसंत होती. सुंदररावालाही पसंत होती. "गुरुवारी सुपारी फोडायला येतो," असा निरोप होता, "पण फोडायच्या आधी व्याह्यानं मैदानावर माझा फैसला द्यावा. ज्या घरात माझा चेंडू लोंबकळतोय त्या घरची सून मी कशी आणू?"

याआधी छबूला दोन ठिकाणं आली होती आणि दोन्ही त्या बोटापायी परत गेली होती. एका घरच्यांना वाटलं की घराण्यात काही व्यंग आहे. दुसऱ्यांना खरं कारण सांगितलं, तेव्हा ते अधिकच घाईनं गेले. त्यामुळे हा निरोप ऐकून मुक्ताबाईनं चुलीपुढं बसल्या बसल्या पदरानं तोंड पुसलं आणि ठरवून टाकलं, की गुरुवारी ते बोट वर जाणार. गावाचं काय व्हायचं ते होवो.

संध्याकाळी लिंबाखाली हीच गोष्ट निघाली.

"एकदाचा फैसला व्हऊनच जाऊ द्या," बंकट म्हणाला. "लई दिवस झाले. खेळाची इज्जत जातेय."

"फैसला झालेलाच हाय की," बद्रीनाथ म्हणाला. "बोट वर केलं म्हंजे आऊट, न्हाई केलं म्हंजे नॉटआऊट. इतकी वर्सं बोट खालीच हाय. आनखी काय पायजे तुला?"

"तो विचार करतोय बे. विचार करायला वेळ लागतो."

"छबूचे दुधाचे दात पडून नवे आले, तरी विचार?"

"मोठा साहेब हाय. लहान साहेब असता तर लवकर झाला असता."

मधे बसलेला म्हातारा मुंजाजी खोकला. मुंजाजी कोणत्याच वट्ट्याचा नव्हता, त्याची तक्रार सगळ्या खेळाबद्दल होती. "खेळच बिघडला," तो म्हणाला. "पयले साहेब लोक दुपारी चहाला थांबत. पांढऱ्या कपड्याचं मेज, त्यावर किटली. तवा खेळात दम होता. आता चहा न्हाई, किटली न्हाई, काही न्हाई."

"आबा, आता खेळच कुठं हाय?" मुक्ताबाई म्हणाली.

"तेच तर मी म्हणतो, बाई. बिघडला."

दोन्ही वट्ट्यांनी माना हलवल्या. या एका गोष्टीवर त्यांचं कायम एकमत व्हायचं.

"पुढं तर आनखी बेकार दिवस येणार हायेत," बंकट म्हणाला. "मी हैदराबादला गेलतो तवा ऐकलं, एक जण म्हणत व्हता, पुढं पुढं हा खेळ दिवस मावळायच्या आत संपवून टाकतेल."

"एका दिसात?" बद्रीनाथला हसू आवरेना. "मंग दुसऱ्या दिशी लोकांनी काय करायचं?"

"आनी बघायला पैसे घेतेल म्हणं."

यावर कोणी हसलंसुद्धा नाही. मुक्ताबाईनं बंकटाकडे बघितलं. "फुटाण्याचे तरी द्या आधी," ती म्हणाली.

मग नेहमीचा प्रश्न निघाला. आऊट दिला तर साहेबाच्या जागी खेळायला कोण येणार? बंकटाचं म्हणणं, पुढचा साहेब विलायतेहून मागवावा लागेल आणि तो येईस्तोवर मैदान राखावं लागेल. बद्रीनाथचं म्हणणं, मोठा साहेब अजून खेळतोच आहे. तो विलायतेत असो नाहीतर कुठंही, नियमानं तो या दांड्यांपुढं उभा आहे. म्हणून तर तिथून शेळी जाऊ देत नाहीत.

"मेला असला तर?" बंकटानं विचारलं.

"मेला तरी नॉटआऊट," बद्रीनाथ म्हणाला आणि उठून उभा राहिला.

"आनी ऐका," तो मुक्ताबाईकडे न बघता बोलला, कारण तिच्याकडे बघून असं बोलायची त्याची छाती नव्हती. "गुरवारी जर का बोट वर गेलं, तर आमच्या वट्ट्यावरला एक मानूस छबूच्या लग्नाला यायचा न्हाई. मांडवाचं कापड माझ्याकडनं येणार व्हतं, तेही न्हाई."

"आनी वर न्हाई गेलं तर सुंदरराव माघारी," बंकट म्हणाला. "मंग लग्नच न्हाई. कापड ठेव घरी."

मुक्ताबाईनं टोपलीवर फडकं टाकलं आणि कधी नव्हे ती दिवस असतानाच उठली. दोन्ही वट्ट्यांना त्या दिवशी फुटाण्यांवाचून भांडावं लागलं.

घरी धोंडीराम पाटलाच्या घोड्यासाठी हरभरा भिजत घालत होता; रिसाला गेल्यापासून तो घोडा त्याच्याच दारात असायचा. चार बोटांनी. ती त्याच्यासमोर बसली.

"आवं, एक विचारू? खरं सांगताल?"

"विचार."

"त्या दिशी तुमाला दिसलं व्हतं का न्हाई?"

धोंडीरामानं पाण्यात हात फिरवला. "दिसलं व्हतं. तुला आता पाहतो तसं."

"मंग आऊट व्हता का न्हाई?"

"अंपायरनं ते घरात सांगायचं नसतं."

मुक्ताबाईला हसावं का रडावं कळेना. या माणसानं ज्वारीची पेंढी चोरणारा भाऊबंद डोळ्यांनी बघितला तरी पंचांपुढं नाव घेतलं नव्हतं. सासू-सुनेच्या भांडणात तो गोठ्यात जाऊन बसायचा. त्याला आयुष्यात कोणी काही ठरवायला सांगितलं असेल तर ते एकदाच, त्या कोटात. आणि ते ठरवलेलं त्यानं असं मुठीत धरून ठेवलं होतं, एखाद्यानं पाखराचं पिल्लू धरावं तसं.

"खात्री हाय तर मंग बोलत कावून न्हाई?" ती जरा हळू आवाजात म्हणाली.

"बोललो की संपलं ना, छबूची आई." त्यानं हरभऱ्यातला खडा काढून बाजूला टाकला. "छावणी गेली. घोडे गेले. पन लिंबाखाली माणसं अजून येतेत. बंकट आनी बद्रीनाथ, एरवी एकमेकाच्या दारात थुंकले नसते. हे बोट वर झालं तर उंद्या संध्याकाळी ते कुठं बसतेल?"

"आनी छबू कुठं बसंल?"

आतून छबूच्या जात्याचा आवाज येत होता. सुंदररावाचा निरोप आल्यापासून ती इतकी मन लावून दळायची की घरात दोन महिन्यांचं पीठ झालं होतं.

"गुरवारी कोट काढून ठेव," धोंडीराम म्हणाला.

गुरुवारी सकाळी मुक्ताबाईनं बंकटाच्या घाण्याचं ताजं तेल कोमट करून आणलं. चिंधी सोडली. ते बोट आत मिटून पार पांढरं पडलं होतं, पेरापेरात अढी बसलेली. ती तेल लावत गेली आणि चोळत गेली. बाळ असताना छबूच्या पायांना लावायची, तसंच. आधी ते हललंच नाही. मग एक पेर थोडंसं उघडलं.

"दुखतंय?"

"न्हाई," तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते दुखण्याचं होतं का दुसरं कशाचं, हे तिनं विचारलं नाही. आणखी चोळायला घेतलं तेवढ्यात बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज आला, आणि तिला हात पुसून उठावं लागलं.

सुंदरराव दफेदार गाडीतून उतरला तो दारात नाहीच आला, थेट मैदानावर गेला. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, पोट पुढं आलं होतं, पण चाल अजून रिसाल्याची. मागून शहादेव, हातात सुपारीचं ताट. मुक्ताबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

"आधी फैसला, बाई. मंग पानी."

"पाव्हणे, उन्हातून आलात."

"मी त्या दिवसापासून उन्हातच हाय," सुंदरराव म्हणाला.

सगळं गाव जमलं होतं. आऊटवाले एका अंगाला, नॉटआऊटवाले दुसऱ्या अंगाला. मुंजाजीसाठी कोणीतरी पाट आणला होता. छबू बायकांच्या मागं उभी होती आणि शहादेव ताटातल्या सुपारीकडे असं एकटक बघत होता, जणू तीच फैसला देणार होती.

धोंडीराम कोट घालून आला. कोट आता पांढरा नव्हता, ताकात हळद पडावी तशा रंगाचा झाला होता, आणि पोटाशी बटण लागत नव्हतं. तो आपल्या जुन्या जागेवर, दांड्यांच्या मागं जाऊन उभा राहिला. दोन्ही खिसे चाचपले. खडे होते.

सुंदररावानं कापडात बांधलेला चेंडू सोडला. चेंडू कुठला, चामड्याचा सुकलेला आवळा. तो हातात धरून सुंदरराव त्या दिवशी जिथं थांबला होता तिथं गेला, दोन्ही पाय तसेच रोवले, वळला आणि हात पसरले. ओरडला मात्र नाही. वयामुळे असेल, नाहीतर भीतीमुळे.

"मोतद्दार," तो म्हणाला, "कसं काय?"

मैदानावर पान हललं नाही. बद्रीनाथनं डोळे मिटून घेतले. बंकटानं सगळ्या जन्माचा श्वास छातीत भरून धरला.

धोंडीरामानं मुक्ताबाईकडे बघितलं, मग छबूकडे. मग उजवा हात उचलला, खांद्याच्या वर, डोक्याच्या वर नेला. मूठ सोडली. सगळी बोटं नीट मिटली आणि अंगठ्याशेजारचं तेवढं बाहेर आलं.

आलं, ते आकड्यासारखं वाकडं. अर्ध्यावर थांबलं. धोंडीराम जोर करत होता, मानेच्या शिरा फुगल्या, कोटाचं एक बटण तुटून पडलं, पण बोट अर्ध्यातून वर जाईना आणि खालीही येईना.

"आऊट," बंकट म्हणाला, पण प्रश्न विचारल्यासारखा.

"हे बोट न्हाई, कोयंडा हाय," बद्रीनाथ म्हणाला. "नॉटआऊट."

"दुसऱ्या हातानं सरळ कर बे, धोंड्या."

"बाहेरची मदत चालायची न्हाई."

"त्याचाच हात हाय, बाहेरचा कसा?"

"त्या हाताला अंपायर केलं व्हतं का साहेबानं?"

असा वाद चिघळत असताना सुंदरराव मधून चालत आला. मुक्ताबाईला वाटलं, झालं. आता हा ताट उचलणार, गाडी जोडणार, आणि घरात पीठ तेवढं राहणार. तो धोंडीरामाच्या अगदी जवळ गेला. धोंडीरामाचा हात अजून वरच होता. सुंदररावानं तो मनगटाला धरून खाली आणला आणि ते बोट उन्हात धरून बघितलं. दफेदार माणूस घोड्याचा खूर बघतो तसं, उलटून पालटून.

"कवापासून धरलंय हे असं?" त्यानं विचारलं.

"तुमी चेंडू टाकला तवापासून."

"मधी सोडलं न्हाई?"

"तेल लावायला सोडलं. आज."

सुंदररावानं हातातल्या सुकल्या चेंडूकडे बघितलं, मग बोटाकडे. त्याला वाटत होतं की इतकी वर्षं तो चेंडू आपण एकट्यानंच सांभाळला. धर्मापुरीत त्याच्या बायकोनं तो दोनदा उकिरड्यावर टाकला होता आणि दोनदा त्यानं तो शोधून आणला होता. आणि इथं हा माणूस त्याच चेंडूपायी एक बोट मोडून बसला होता.

तो लोकांकडे वळला.

"फैसला सुरू झालाय," तो म्हणाला. आवाज रिसाल्याचा, मैदानभर गेला. "बोट निघालंय. सगळ्यांनी पाह्यलं. अर्ध्या वाटंत हाय. बाकीचं अर्धं त्याच्या चालीनं येईल. आमी धर्मापुरीचे लोक थांबू शकतो."

"थांबलंय ते," बद्रीनाथ म्हणाला. "जे थांबलं ते येत नसतं."

"परळीची गाडी मधी बैल सोडती," बंकट म्हणाला, "म्हंजे काय परळीला जात न्हाई का?"

"मी फैसला मागितला, तो देणाऱ्यानं हात वर केला," सुंदरराव म्हणाला. "माझी अट पुरी झाली. बाई, पानी द्या."

मुक्ताबाईनं तांब्या दिला. सुंदरराव एका दमात सगळा प्यायला. मग तिथंच, दांड्यांच्या शेजारी, शहादेवानं ताट ठेवलं आणि सुपारी फुटली. ती फोडायला दगड मिळेना, तेव्हा धोंडीरामानं खिशातल्या दोन खड्यांकडे हात नेला आणि तसाच मागं घेतला. शेवटी मुंजाजीनं आपला अडकित्ता काढून दिला.

"बोट वर गेलं न्हाई म्हणून मांडवाचं कापड माझं," बद्रीनाथ जाहीर करत होता.

"अर्धं गेलंय. अर्धंच कापड दे."

"पुरं देईन. पुढं वाद नको."

तो म्हणाला खरा, पण तोवर दोन्ही वट्टे भरले होते. आज कोणाला घरी जायची घाई नव्हती. अर्धं बोट म्हणजे साहेबानं अर्धं निघायचं का, आणि दुसरा साहेब अर्धा आत घ्यायचा का, हा असा प्रश्न होता की त्यावर एक पिढी सहज बसू शकेल. मुंजाजी पाटावरून उठता उठता म्हणाला, "खेळात पुन्हा जान आली बघा. फक्त चहाचं कायतरी करा." आणि छबू, जी इतका वेळ बायकांमागं होती, ती कोणाला न सांगता घरी गेली. थोड्या वेळानं मुक्ताबाईनं कान दिला, तर घरातून जात्याचा आवाज येत नव्हता. आज तो सुरूच झाला नव्हता.

पाहुणे जेवून गेले तेव्हा ऊन उतरलं होतं. धोंडीराम कोट काढून उंबऱ्यावर बसला होता. मुक्ताबाई चिंधी घेऊन त्याच्याजवळ टेकली.

"द्या हिकडं."

त्यानं हात पुढं केला. तिनं ते बोट आपल्या मुठीत घेतलं, आणि ते तिच्या मुठीत आपसूक उघडलं. पेरापेरानं, काही कुरकुर न करता. पार सरळ झालं, फुंकणीसारखं. सकाळचं तेल चांगलं मुरलं होतं.

मुक्ताबाईनं मान वर करून त्याच्याकडे बघितलं. तो पाटलाच्या घोड्याकडे बघत होता. घोड्यात बघण्यासारखं काहीच नव्हतं, तरी तो फार लक्ष देऊन बघत होता.

लिंबाखालून बंकटाचा आवाज येत होता, मग बद्रीनाथचा, मग दोघांचा एकदम.

तिनं ते बोट एकेका पेराशी हळूच दुमडलं, आत मिटवलं आणि चिंधीचा पहिला वेढा दिला.

"लई घट्ट नको," धोंडीराम म्हणाला.